रातपाळी अटलांटिकवरची

सोलापूर, २१ डिसेंबर २०२२

आज नळ आला, चार दिवसांनी. पहाटे साडेचारला आईनं उठवलं. मी, आक्का आणि वहिनी, तिघींनी मिळून हंडे, पिंपं, बादल्या आणि शेवटी कुकरसुद्धा भरून घेतला. चहा घेताना अण्णा म्हणाले, "तिथं समुद्रात तरी पाण्याची ददात नसंल."

"अण्णा, तिथं माणशी दिवसाला तीन लिटर. पिणं, चहा, स्वयंपाक सगळं त्यातच."

अण्णांनी कप खाली ठेवला. "मग तू कशाला चाललीस?"

आमचं घर विणकराचं. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, अण्णांचे स्वतःचे चार माग, चादरीचे. मी इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकले आणि नोकऱ्या बदलत केपटाऊनला शिडं शिवायच्या कारखान्यात पोचले. सहा वर्षं दुसऱ्यांच्या बोटींची शिडं शिवली, सुट्टीच्या दिवशी त्याच बोटींवर छोट्या शर्यती केल्या. ऑक्टोबरात एका गिऱ्हाइकानं विचारलं, केप टू रिओला येतेस का? पन्नास फुटी यॉट आहे, आठ माणसं आहेत, शिडं सांभाळणारं माणूस हवंय. मी विचार न करता हो म्हटलं. विचार नंतर केला, रात्रभर.

अण्णांना मी शर्यतीची गोष्ट सांगितली. केपटाऊनहून अटलांटिक ओलांडून ब्राझीलमधल्या रिओपर्यंत, साधारण साडेतीन हजार सागरी मैल. पहिली शर्यत १९७१ साली झाली. त्यात सगळ्यांत आधी पोचलेल्या बोटीवर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन होते, ज्यांनी १९६९ मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला पहिली फेरी पूर्ण केली होती. आणि त्या फेरीची 'सुहैली' ही सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. हे ऐकल्यावर अण्णा जरा सैल झाले. "सागवानी असंल तर टिकणारच," म्हणाले.

सामान: ज्वारीच्या चाळीस कडक भाकऱ्या, तीळ लावलेल्या बाजरीच्या वीस, दोन किलो शेंगाचटणी, तिळाचे लाडू, एक चादर, चार टेरी नॅपकिन. निघताना अण्णांनी खिशातून त्यांची काच काढून हातावर ठेवली. कापडाच्या एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायची घडीची काच. पितळेची आहे, कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. ही काच त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती.

दिवस १, २ जानेवारी

टेबल बेमधून सुटलो. वर टेबल माउंटन, त्याच्या आडोशाला वारा अडखळत येतो: आत्ता आहे, आत्ता नाही. सुरुवातीच्या रेषेजवळच्या गर्दीत एका बोटीवर तिरंगा दिसला. भारतीय नौदलाची 'तारिणी'. गोव्यात बांधलेली, २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाची फेरी मारून आणलेली हीच ती. मी दोन्ही हात वर करून ओरडले, "नमस्कार!" वाऱ्यात किती पोचलं कोण जाणे, पण तिकडून कुणीतरी हात हलवला. पुढचा अर्धा तास माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. बाजूच्याला वाटलं, खारं पाणी गेलं डोळ्यात.

संध्याकाळी जमीन दिसेनाशी झाली.

दिवस ३

काल काही लिहिलं नाही, कारण काही पोटात राहिलं नाही. आज अर्धी भाकरी आणि चिमूटभर चटणी टिकली. कोरडं, खरपूस, तिखट. बोट लागलेल्या पोटाला याहून चांगलं काही नाही, असं आता मी अनुभवानं सांगते.

थंडी आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यानं बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह उत्तरेकडं वाहतो, त्यामुळं जानेवारीत, दक्षिणेकडच्या भर उन्हाळ्यात, आम्ही कानटोपी घालून बसलोय.

आठ जणांचे दोन गट. दिवसा सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या, रात्री चार-चार तासांच्या तीन. एकूण पाच, म्हणून आज ज्याला मध्यरात्रीची पाळी त्याला उद्या ती येत नाही. मला हे शिकवावं लागलं नाही. आमच्या घरात घड्याळापेक्षा पाळीवर दिवस चालायचा: अण्णा रातपाळीला असले की आम्ही पोरं दिवसभर कुजबुजत बोलायचो. इथंही तेच. वरचे काम करतात तेव्हा खालचे झोपतात, आणि खालून जाणारा प्रत्येक जण चोरपावलानं जातो. झोपायच्या जागा चारच. मी उठते त्या उबेत दुसरा शिरतो. तिरक्या बोटीतून घरंगळू नये म्हणून बिछान्याच्या उघड्या बाजूला कापडाची झोळी वर ताणून बांधायची. एकदा बांधली की माणूस पाळण्यातल्या बाळासारखा.

बोट सतत पंधरा-वीस अंश कललेली असते, त्यामुळं साध्या गोष्टींना वेळ लागतो. ओला कोट आणि बूट चढवायला वीस मिनिटं, म्हणून पाळीच्या अर्धा तास आधी उठवतात. शेगडी झुल्यावर टांगलेली. बोट कितीही कलली तरी भांडं सपाट राहतं, स्वयंपाक करणारा मात्र पट्ट्यानं स्वतःला ओट्याशी बांधून घेतो. शौचाला जायचं तर एक हात कठड्याला, एक पाय समोरच्या भिंतीला. आणि वर पाय टाकायच्या आधी हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याचा, आकडा दोराला अडकवायचा. स्किपरचा, म्हणजे बोटीच्या कप्तानाचा, हा एकच नियम असा, ज्यावर तो आवाज चढवतो. रात्री माणूस पाण्यात पडला तर बोट वळवून परत येईपर्यंत त्याचं डोकं दिसत नाही. एवढंच त्यानं सांगितलं, आणि पुरलं.

दिवस ५

आज पाण्याबद्दल लिहिते, कारण आज पाणी बंद पडलं.

बोटीवर समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आहे. एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी पंप प्रचंड दाबानं एका बारीक पडद्यातून ढकलतो. पलीकडं गोडं पाणी थेंबथेंब जमतं, मीठ अलीकडंच राहतं. हवेच्या दाबाच्या पन्नासपटीहून जास्त दाब लागतो. सकाळी त्या पंपाचा पट्टा तुटला. सोबत आणलेला दुसरा पट्टा मापात बसेना. टाकीत होतं तेवढ्यावर आलो. तीन लिटरचे दोन झाले.

बाकीच्यांचे चेहरे उतरले. मला मात्र पहिल्यांदाच बोटीवर घरी असल्यासारखं वाटलं. भात शिजवताना एक भाग समुद्राचं पाणी, दोन भाग गोडं. मीठ वेगळं घालावं लागत नाही. ताटल्या समुद्राच्या पाण्यानं धुवायच्या, मग ओल्या फडक्यानं पुसायच्या. दात घासायला अर्धा पेला. तोंड धुतलेलं पाणी नॅपकिनमध्ये टिपायचं आणि त्याच नॅपकिननं मान, काखा पुसायच्या. खाऱ्या पाण्यानं अंगावर पुरळ येतं ते यानं आटोक्यात राहतं. हे सगळं मी करत होते, दोघं-तिघं बघत होते, संध्याकाळपर्यंत सगळे तसंच करायला लागले.

आज आणखी एक गोष्ट पाहिली. मोठ्या रंगीत शिडाला, स्पिनेकरला, खालच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर एक बारीक भोक आहे. मसुराच्या दाण्याएवढं. कशाला तरी घासलंय. वारा चांगला आहे, शीड उतरवलं तर वेग जाईल. उद्या बघू म्हटलं.

दिवस ७, ८ जानेवारी

दुपारी शून्य रेखांश ओलांडला. आता आम्ही ग्रीनिचच्या पश्चिमेला. सोलापूर पूर्वेला जवळपास ७६ अंशांवर, आणि पंधरा अंशाला एक तास, म्हणजे घरी सूर्य आमच्या पाच तास आधी माथ्यावर येतो. आमची सकाळ होते तेव्हा अण्णांचं दुपारचं जेवण उरकलेलं असतं.

वारा आता मागून आहे. दक्षिण अटलांटिकच्या मधोमध जास्त दाबाचा एक मोठा पट्टा असतो. त्याच्या पोटात शिरलं की वारा नाही. म्हणून सरळ रेषेत रिओला जायचं नाही. आधी वायव्येला चढायचं, त्या पट्ट्याच्या उत्तर कडेनं आग्नेयेचा व्यापारी वारा पकडायचा आणि मग पश्चिमेला वळायचं. अंतर वाढतं, वेळ वाचतो.

पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेत. रात्री साडेनऊला चंद्र वर आला तेव्हा समुद्र ताटात ओतलेल्या शिशासारखा दिसत होता. आणि त्याच चंद्राच्या उजेडात मागून एक काळा ढग आला.

मी दोर हातात धरून होते. वारा अठरा नॉटवरून (ताशी सागरी मैल) तेहतीसवर गेला तो मोजून मिनिटाभरात. बोट सुसाट सुटली, सुकाणूवरचा ओरडला, "सोड!" मी दोर सोडलासुद्धा. पण त्या आधी आवाज आला. कापड फाटल्याचा आवाज मी जन्मापासून ओळखते. ठाणाच्या ठाण फाडताना येतो तोच, लांब, कोरडा. फाट त्या मसुराएवढ्या भोकातून सुटली आणि शिवणीपर्यंत गेली, तिथून वळून कडेनं वर.

सहा जणांनी मिळून ते ओलं शीड दारातून आत ओढलं. कुणी मला काही बोललं नाही. ते भोक मी दोन दिवसांपूर्वी पाहिलं होतं, हे मी स्किपरला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "शिवता येईल?"

दिवस ८ आणि ९

या दोन दिवसांत मी पाळी केली नाही. स्किपरनं माझं काम एकच ठेवलं.

फाट सहा मीटरची. शीड दोनशे चौरस मीटरचं, पण कापड इतकं हलकं की चौरस मीटरला चाळीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे अख्खं शीड आठ-दहा किलोत बसतं. आमच्या घराच्या गच्चीहून मोठं कापड, आणि एक माणूस काखोटीला मारून नेतो. नायलॉनचं आहे. अण्णांची काच ठेवून बघितलं: बारीक तलम धागे, इंचाला एकशे वीसच्या आसपास, आणि दर काही मिलिमीटरला उभ्या-आडव्या दोन्हींत एक जाड धागा. त्यानं कापडावर चौकटी तयार होतात. फाट चौकटीच्या काठापर्यंत येते आणि जाड धाग्याशी अडते. छोट्या भोकापुरतं हे खरं. तेहतीस नॉटच्या वाऱ्यात कुठलाच धागा अडवत नाही.

शिवायच्या आधी दोन्ही कडा चिकटपट्टीनं एकमेकींना जुळवून घ्याव्या लागतात, नाहीतर मशीनखाली कापड सरकतं. आणि चिकटपट्टी खारावलेल्या कापडाला धरत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, पट्टी सुटून येते. कडा गोड्या पाण्यानं पुसून, वाळवून घ्यायला हव्यात. सहा मीटर, दोन कडा, दोन्ही बाजू. मला चार लिटर लागणार होते आणि पंप अजून बंद होता.

मी माझे दोन लिटर देते म्हटलं. स्किपर नाही म्हणाला, तहानलेलं माणूस नीट शिवत नाही. मग बोटीचा मार्ग ठरवणारा नेव्हिगेटर उठला, त्यानं स्वतःच्या बाटलीतून अर्धा लिटर पातेल्यात ओतला आणि वर निघून गेला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. आठ जणांचे अर्धे-अर्धे लिटर. मोजून चार. मी त्या पातेल्याकडं बराच वेळ बघत बसले.

सोलापुरी टेरी नॅपकिन इथं कामाला आला. चार बोटांएवढा कोपरा भिजवायचा, पिळायचा, कड पुसायची, कोरड्या बाजूनं लगेच टिपायची. वीतभर झालं की पुढं. पातेल्यातलं पाणी शेवटी खारट झालं होतं, मी चाखून पाहिलं.

मशीन हातानं चाक फिरवायचं. एकानं चाक फिरवलं, एकानं मागून कापड धरलं, मी पुढून सरकवलं. बोट डुलली की थांबायचं, लाट गेली की चार टाके. नागमोडी टाका, दोन ओळी. पहिल्या काही इंचांत माझा हात थरथरत होता. नंतर लाटेचा ताल हाताला कळला: माग चालत असताना धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो आणि परत येतो, तशी ती येते. मधल्या क्षणात काम करायचं. लहानपणी अण्णांच्या शेजारी उभं राहून तुटलेला धागा जोडायला शिकले ते असंच, दोन फेऱ्यांच्या मधल्या क्षणात.

नवव्या दिवशी संध्याकाळी शीड पुन्हा चढलं. पोट फुगवून उभं राहिलं. माझी शिवण त्यावर वाकड्या केसाएवढी दिसत होती. त्याच सुमारास खालून आरडाओरडा झाला: दुसऱ्या एका यंत्राचा पट्टा कापून, शिवून, आमच्या इंजिन बघणाऱ्यानं पाण्याचा पंप चालू केला होता. पट्ट्याची शिवण माझ्या सुईनं.

दिवस १० ते १२

रोज १८० मैलांच्या आसपास. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असतात, पंख वाळून कागदासारखे झालेले. पाणी कोमट झालं, कानटोप्या गेल्या.

दिवस १३, १४ जानेवारी

आज भोगी. आज सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा, प्रतीकात्मक लग्नाचा.

बोटीचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं. सकाळी आठ वाजले तेव्हा घरी दुपारचा दीड. माझी पाळी सुरू झाली होती, सूर्य तासाभरापूर्वी उगवलेला. तिकडं आत्ता सात नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, संमती कट्ट्यापाशी आले असतील, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, तळ्याकाठी मुंगीला वाट नाही अशी गर्दी. मी सुकाणूवर होते. खिशात मूठभर तांदूळ घेतले होते. सत्यम् सत्यम् म्हणून पाण्यावर टाकले. सिद्धेश्वरांनी, म्हणजे सिद्धरामेश्वरांनी, बाराव्या शतकात त्या कोरड्या मुलुखात तळं खोदलं. आमच्या गावाचं दैवत म्हणजे पाणी साठवणारा माणूस. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते मनात बसलं आज, जिकडं बघावं तिकडं पाणी आणि प्यायला तीन लिटर असताना.

बाजरीच्या भाकऱ्या आजसाठी राखल्या होत्या. दमट हवेत मऊ पडल्या होत्या, शेगडीवर धरून परत कडक केल्या.

दुपारी मजा झाली. आम्ही २१ अंश दक्षिणेच्या जरासे खाली होतो आणि सूर्यही या दिवसांत तिथंच डोक्यावर येतो. डेकवर उभी राहिले तर माझी सावली पायाखाली नाहीशी. शून्य सावली! सोलापुरात हा दिवस मे महिन्यात येतो, डांबर वितळायच्या उन्हात, आणि शाळेत आम्ही पाइपाचा तुकडा उभा करून बघायचो. मी रिकामा डबा डेकवर उभा केला आणि सगळ्यांना बोलावलं. खलाशी मंडळी, सूर्य मोजण्यात आयुष्य गेलेली, पण डब्याभोवती उकिडवी बसून लहान पोरांसारखी बघत होती.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीला सगळ्यांना लाडू दिले. गोड बोला याचा अर्थ समजावून सांगितला. स्किपर म्हणाला, शर्यतीच्या दुसऱ्या आठवड्यात याहून कामाचा सण नाही.

दिवस १६

वारा गेला. शिडं लटकतात, शिडाखालचं आडवं बूम कण्हतं. सोळाव्या दिवशी माणसं एकमेकांच्या चमचा ठेवायच्या आवाजानं चिडतात. मीही चिडले. नेव्हिगेटरशी चटणीच्या डब्यावरून बोलले ते बोलायला नको होतं; रात्री जाऊन माफी मागितली.

चंद्र आता पहाटे उगवतो, त्यामुळं रातपाळीला पूर्ण अंधार. मृग नक्षत्र उत्तरेला, उलटं. दक्षिणेला त्रिशंकू. आणि घरून क्षितिजालगत दिसणारा अगस्त्य इथं आभाळात उंच तळपतो. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषींचा तारा. खाली बोट सरकते तशी पाण्यात हिरवी ठिणगी उठते, सूक्ष्म जीवांची. वर-खाली दोन्हीकडं चांदणं. पाळीतल्या चौघांपैकी कुणीही तासभर बोललं नाही.

दिवस २०

क्षितिजावर दिवे. तेलाच्या विहिरींचे फलाट, समुद्रात उभी असलेली गावं जणू. एकोणीस दिवसांनी माणसाचा उजेड पाहिला. काबो फ्रिओजवळ पाणी पुन्हा गार झालं; ईशान्येचा वारा वरचं पाणी बाजूला सारतो आणि तळाचं थंड पाणी वर येतं. नावाचा अर्थच थंड भूशिर.

दिवस २२, २३ जानेवारी

पहाटे रिओच्या शुगरलोफ डोंगराचा सुळका दिसला. शेवटच्या पाच मैलांना सहा तास लागले. माझ्या शिवणीचं शीड अखेरपर्यंत वर होतं. रेषा ओलांडल्यावर मी पहिल्यांदा काय केलं? नळाखाली ओंजळ धरली. आणि बादली भरल्यावर नळ बंद केला. आंघोळ एका बादलीत झाली, दुसरी घ्यावी असं वाटलंच नाही.

सोलापूर, फेब्रुवारी

रिओत त्या शिडाची ती बाजू बदलली, तेव्हा शिवणीची हातभर पट्टी मी मागून घेतली. अण्णांना दिली, काच परत केली. ते दारात उजेडाला बसले, पट्टी गुडघ्यावर ताणली, काच ठेवली. माग बंद करायला सांगितला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"इथं हात हाललाय," सुरुवातीच्या टाक्यांवर बोट ठेवून म्हणाले. "पुढं बरं हाय."

मग काच टाक्यांवरून कापडावर सरकवली. जाड धागा सापडला तसे थांबले. पुन्हा मोजलं. नखानं एक धागा सोडवून बोटांत पिळून पाहिला, तोडायला गेले, तुटेना.

"आपल्या मागावर निघंल का गं हे?"

मी म्हटलं, फणी लई बारीक लागंल अण्णा, आणि ताणा असा सुती धाग्यासारखा ओढून चालणार नाही. बीमच वेगळं. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. उठले, मागाशेजारच्या भिंतीपाशी गेले आणि जिथं चादरींचे हिशोब असतात तिथं खडूनं लिहिलं: १२०. त्याच्या पुढं थोडी जागा मोकळी ठेवली.